पॅलिओला ४×१०० ची अलॉय : अडॅप्टर, वॉबल बोल्ट की नुसती रिंग?

पॅलिओप्रेमी
मंडळी, घरी २००३ ची पॅलिओ १.६ आहे. इंजिन ठणठणीत, पत्राही बरा. पण चार अलॉयपैकी दोघांनी खड्ड्यांपुढे हात टेकलेत. एकाची कड ठोकून सरळ केलेली आहे, दुसऱ्यातून हवा झिरपते. तशीच चाकं आता मिळत नाहीत आणि मिळतात ती माझ्यापेक्षा वाईट.

ऑफिसातल्या मित्राकडे त्याच्या जुन्या होंडा सिटीची १५ इंची कंपनी अलॉय पडून आहेत. "घेऊन जा, बसली तर पैसे दे, नाहीतर परत आण" असा व्यवहार. चारही चाकं सध्या गॅलरीत कपड्यांच्या स्टँडखाली आहेत आणि त्यावरून घरात जे ऐकावं लागतंय ते इथे लिहीत नाही.

अडचण अशी, की पॅलिओचा पीसीडी (बोल्टची भोकं किती आणि किती मिमी व्यासाच्या वर्तुळावर) ४×९८ आणि सिटीचा ४×१००. गॅरेजवाला म्हणतो, "दोन मिलीमीटरचं काय घेऊन बसलात साहेब, आवळलं की बसतं." टायरवाला म्हणतो अडॅप्टर टाका. एका व्हिडिओत वॉबल बोल्ट सांगितलेत. कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारलं तर उत्तर आलं, रिंग घ्या, सगळं सेंटर होतं. कुणाचं ऐकू? गाडी एक्सप्रेसवेवर नेहमी जाते, त्यामुळे "चालून जातं" नको आहे.

अनाडी_ड्रायव्हर
पहिला! आता धागा वाचतो.

उद्यमनगरचा_टर्नर
भावा, गॅरेजवाल्याचं अजिबात ऐकू नको. दोन मिमी हा वर्तुळाच्या व्यासातला फरक. प्रत्येक भोक मधापासनं एक मिमी बाहेर सरकलेलं. आता बोल्टचा कोन, म्हणजे डोक्याखालचा शंकूसारखा भाग, त्या भोकाच्या कोनात पूर्ण बसायला पाहिजे, तो एकाच कडेला टेकणार. पान्याला घट्ट लागतंय, पण बोल्ट थोडा वाकून घट्ट झालेला असतोय. असला बोल्ट एकतर हळूहळू ढिला होतोय, नाहीतर मानेत तुटतोय. आमच्याकडं लेथवर अशी डोकी गेलेले बोल्ट काढायला येतात लोक. उरलेला तुकडा हबातनं (चाक ज्यावर बसतं त्या भागातनं) काढताना जे होतं ते बघण्यासारखं असतंय.

रिंगनं पीसीडी बदलत नाही. रिंग मधल्या भोकाची गोष्ट. दोन वेगळे आजार, एकच गोळी कशी चालंल?

घाटावरची
टर्नर यांच्याशी सहमत. थोडी भर, कारण या दोन गोष्टी नेहमी एकत्र कालवल्या जातात.

चाक हबवर मध्यभागी आणायचे दोन मार्ग. एक, मधलं भोक हबच्या बोंडावर, म्हणजे मधल्या गोल उंचवट्यावर, नेमकं बसतं. दुसरा, बोल्टचे कोन चाकाला चारी बाजूंनी ढकलत मध्यावर आणतात. कंपनीच्या चाकात सहसा दोन्ही असतं. बाजारातल्या अलॉयला मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ किंवा ६७.१ मिमी, म्हणजे एकच साचा सगळ्या गाड्यांना खपतो. मग ज्याच्या त्याच्या हबप्रमाणे रिंग. फियाटचं बोंड ५८.१, म्हणून ७३.१-५८.१ ची रिंग.

वॉबल बोल्टला कोन वेगळा, सुटा असतो. तो बोल्टच्या दांड्यावर एखादा मिमी इकडेतिकडे सरकतो, म्हणून ९८ च्या हबवर १०० चं चाक बसतं. पण सरकणारा कोन चाकाला मध्यावर आणू शकत नाही. त्यामुळे वॉबल बोल्ट लावलेत तर मधलं भोक नेमकं बसलंच पाहिजे. वॉबल बोल्ट आहेत म्हणून रिंग नको, असं म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावं.

जिप्सीतला_फकीर
एवढा विचार करून गाडी चालवली असती तर आम्ही अजून लोणावळ्याच्या पुढे गेलो नसतो. जिप्सीला वर्षानुवर्षं स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) टाकून सह्याद्री पालथा घातलाय. काही होत नाही.

बेअरिंगवाला
@जिप्सीतला_फकीर, "काही होत नाही" हे वाक्य तुम्ही नेहमी नवीन बेअरिंग घ्यायला आल्यावर बोलता. :)

जिप्सीतला_फकीर
हा हा. तेवढं सोडून.

तसं आमचं सोपं आहे. ५×१३९.७, मधलं भोक १०८. जुन्या जीपचा पीसीडीही तोच, त्यामुळे चाकांचा दुष्काळ नाही. फियाटवाल्यांची दया येते.

खारा_वारा
मी रत्नागिरीचा. रिंग घेणार असाल तर कशाची घेताय ते बघा. ॲल्युमिनियमची रिंग दिसायला झकास, पण लोखंडी हबवर दोन पावसाळे काढले की अशी चिकटते की चाक निघत नाही. खारी हवा, दोन वेगळे धातू, मध्ये ओल, झाली पांढरी भुकटी तयार. पंक्चर झालं आणि चाक हबवरून सुटेना, लाथा घालून कंटाळलो, शेवटी एका ट्रकवाल्याने लाकडाचा ओंडका ठेवून मागून हातोडा घातला तेव्हा निघालं. तेव्हापासून प्लॅस्टिकची रिंग आणि हबवर ग्रीसचा अगदी पातळ हात. ग्रीस फक्त बोंडावर, बोल्टच्या आट्यांना नाही.

काचेचं_घर
प्लॅस्टिकची रिंग? आंबा घाट उतरताना ब्रेक तापून वितळते ती. आणि गाडीचं सगळं वजन त्या रिंगवर असतं हे विसरू नका. मी तर धातूशिवाय दुसरी घेणार नाही.

घाटावरची
@काचेचं_घर, वितळण्याबद्दल अर्धं मान्य. साध्या स्वस्त प्लॅस्टिकच्या रिंगा तापून चेपतात, मी पाहिल्यात. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टिकतात. पण वजनाचं साफ अमान्य.

एम१२ चा, म्हणजे १२ मिमी जाड दांड्याचा, बोल्ट ९० न्यूटन-मीटरला आवळला तर ढोबळ मानाने ३५ ते ३८ किलोन्यूटनचा ताण येतो, म्हणजे साडेतीन टनांच्या वर. चार बोल्ट मिळून चौदा-पंधरा टन. एवढ्या जोराने चाक हबच्या तोंडावर दाबलेलं असतं. घर्षणांक ०.१५ धरला तरी चाक खाली सरकवायला दोन टनांहून जास्त जोर लागेल. पॅलिओच्या एका चाकावर येतात तीन-सव्वातीनशे किलो. गाडी घर्षणावर उभी आहे, रिंगवर नाही. रिंगचं काम बोल्ट आवळेपर्यंत चाक मध्यावर धरायचं, बस्स.

काचेचं_घर
मग खड्ड्यात? खड्ड्यात तीनशे किलो राहतात का?

घाटावरची
नाही राहत. म्हणून तर एवढी गुंजाइश ठेवलेली असते. आणि म्हणूनच आवळणी कमी झाली की सगळं बिघडतं.

उद्यमनगरचा_टर्नर
ताई बरोबर बोलतात. पण एक बघा. कधी कधी रिंगच वैरी होती. हबचं बोंड जिथं तोंडाला मिळतं तिथं कोपऱ्यात बारीक गोलाई असती, त्यात गंज साठून उंचवटा झालेला. रिंगच्या आतल्या कडंला चॅम्फर (तिरका उतार) नसला की रिंग त्या उंचवट्यावर चढती आणि चाक तोंडापासनं अर्धा मिमी वर राहतंय. बोल्ट घट्ट लागतात, पण दाब सगळा रिंगवर. शंभरेक किलोमीटर गेलं की रिंग दबती आणि बोल्ट ढिलं.

बघायचं कसं? हबचं तोंड वायर ब्रशनं चकचकीत कर. तोंडावर मार्करनं रेघा मार, चाक रिंगसकट बसव, हातानं आवळ, परत काढ. रेघा सगळीकडनं पुसल्या असतील तर बसलंय. एका बाजूला तशाच असतील तर नाही.

पॅलिओप्रेमी
हे मार्करचं भारी आहे. करून बघतो. रविवारपर्यंत थांबा.

पिंपरीची_बेन्झ
आमच्याकडे १९९६ ची डब्ल्यू१२४ आहे. मर्सिडीजने भारतात पहिल्यांदा जी ई-क्लास बनवली ती पिंपरीला टेल्कोच्या आवारात. चाकण नंतर, २००९ ला. तिचा पीसीडी ५×११२, मधलं भोक ६६.६. लोकांना वाटतं नव्या मर्सिडीजची चाकं सरळ बसतील, आकडे तेच तर आहेत. बसतातही. पण या जुन्या गाडीचे बोल्ट एम१२ आणि नव्यांचे एम१४. दोन्हींची बैठक (बोल्टचं डोकं चाकाला टेकतं ती जागा) गोल, तरी गोलाईची त्रिज्या वेगळी, १२ आणि १४ मिमी. एम१२ चा बोल्ट एम१४ च्या खोलगटात घातला तर नुसत्या एका कड्यावर टेकतो. म्हणून @पॅलिओप्रेमी, पीसीडीच्या नादात बैठक बघायला विसरू नका. सिटीच्या कंपनी अलॉयची बैठक गोल असते, फियाटची कोनाची.

अनाडी_ड्रायव्हर
पिंपरीची मर्सिडीज, कुर्ल्याची पॅलिओ. महाराष्ट्र माझा.

चेंबूरचा_आजोबा
अवांतर : कुर्ल्याचं नाव निघालं म्हणून. वालचंद हिराचंदांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथेच पुढे पद्मिनी, मग युनो आणि पॅलिओ. शिफ्ट सुटली की एलबीएस रोडवर चालायला जागा नसे. पॅलिओ आली २००१ ला. सचिनच्या नावाची एस१० निघाली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या पोरांनी ती बघायला शोरूमला रांग लावली होती. आता मुद्द्यावर या.

माटुंगा_मोटार
काका, पद्मिनीला अलॉय बसवायचे असतील तर?

चेंबूरचा_आजोबा
पद्मिनीला चकाकती व्हील कॅप लावायची आणि गप्प बसायचं.

स्टुटगार्टकर
इकडे जर्मनीत हा धागा दोन प्रतिसादांत संपला असता. चाकाच्या आत केबीए (इथलं सरकारी वाहन खातं) नंबर कोरलेला पाहिजे आणि त्या गाडीला ते चाक चालतं असा कागद पाहिजे. स्पेसर, अडॅप्टर, वॉबल बोल्ट, प्रत्येकाला वेगळा कागद. कागद नसेल तर ट्यूव्ह या तपासणी संस्थेच्या तपासनीसाकडे जाऊन त्या एका गाडीपुरती परवानगी काढायची. तीही नसेल तर गाडीची रस्त्यावर चालायची परवानगीच रद्द धरतात. दर दोन वर्षांनी तपासणी असते, तिथे तपासनीस टॉर्च घेऊन चाकाच्या मागे डोकावतो. पण यातून एक समजलं. वॉबल बोल्टला इकडे कागद मिळतो, म्हणजे चांगल्या बनावटीचे बोल्ट जुगाड नाहीत. फक्त ते कुठल्या चाकाला आणि किती फरकाला चालतात ते लिहिलेलं असतं.

नियमपुस्तक
आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की उत्पादकाने नोंदवलेलं मूळ वर्णन बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. एका मापाची चाकं आणि त्याच बाहेरच्या व्यासाचे टायर यावर सहसा कुणी अडवत नाही, पण चाक फेंडरच्या बाहेर आलं की पोलिसापासून विमा सर्व्हेअरपर्यंत सगळ्यांची नजर जाते. चाकावर निदान जेडब्ल्यूएलचा (अलॉय चाकांच्या जपानी मानकाचा) शिक्का आहे का तेवढं बघा.

काचेचं_घर
हे सगळं ठीक, पण मग सरळ अडॅप्टर का नाही? हबला अडॅप्टर, अडॅप्टरला चाक. पीसीडी, बोंड, बोल्ट, सगळं एका फटक्यात बदलतं.

बेअरिंगवाला
बदलतं, पण जाडी मोजा. अडॅप्टर हबला ज्या बोल्टने बसतो त्यांची डोकी त्याच्यातच बुडवावी लागतात, वर दुसरे चार स्टड. पंधरा-वीस मिमीच्या खाली धड अडॅप्टर होतच नाही. सिटीच्या चाकावर आत ४५ कोरलेलं असेल, तो ईटी, म्हणजे हबला टेकणारं तोंड चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते. त्यात वीस मिमीचा अडॅप्टर घातला की उरले २५. चाक वीस मिमी बाहेर. मग मागे चार माणसं बसली की टायर कमानीला घासतो, रस्त्यावरच्या चाकोऱ्यांत स्टेअरिंग ओढतं आणि बेअरिंग माझ्याकडून न्यावं लागतं. धंद्याच्या दृष्टीने माझी हरकत नाही.

आणि बाजारात ती पाच मिमीची, लांबट भोकांची "सर्व गाड्यांना चालणारी" प्लेट मिळते. ती अडॅप्टर नाही. तिने पीसीडी बदलत नाही. ती फक्त भंगारात घालायला चांगली.

वऱ्हाडी_स्टेपनी
काय सांगून राहिले भाऊ, स्टेपनीचं कोणी बोलूनच नाही राहिलं! अलॉयला बोल्ट लांब लागतात. पंक्चर झालं, लोखंडी स्टेपनी लावली अन् तेच लांब बोल्ट घातले तर मागच्या ड्रमात आतपर्यंत घुसतात. ब्रेकचे लायनर, स्प्रिंग, जे सापडलं त्याला लागतात. अमरावती रोडवर एका पाहुण्याचं मागचं चाक जागीच जाम झालं होतं. जुने बोल्ट एका पिशवीत घालून डिकीत ठेवायचे अन् पिशवीवर "स्टेपनी" लिहायचं.

पॅलिओप्रेमी
खरंच, हे कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद भाऊ.

आता मोजमाप. शेजारच्या काकांचा व्हर्निअर आणला.
सिटीच्या चाकाचं मधलं भोक : ५६.१.
पॅलिओच्या हबचं बोंड : ५८.१ च्या अगदी जवळ, गंज धरून.
बैठक : @पिंपरीची_बेन्झ म्हणाले तशीच, गोल. वाटीसारखी.
शिवाय पॅलिओच्या हबवर एक छोटी पिन बाहेर आलेली आहे. माझ्या अलॉयला तिच्यासाठी भोक आहे, सिटीच्या चाकाला नाही.

म्हणजे रिंग कुठे घालायची? भोकच लहान आहे!

अनाडी_ड्रायव्हर
रिंग चाकात नाही, गाडीला साखरपुड्यात घाला.

घाटावरची
बघा, धाग्याचा प्रश्नच उलटला. :) रिंग लागते ती भोक मोठं असेल तेव्हा. इथे चाक बोंडावर चढतच नाही. गॅरेजवाल्याने "आवळलं की बसतं" केलं असतं तर चाक बोंडाच्या कडेवर अडकून राहिलं असतं आणि तोंड टेकलंच नसतं.

ती पिन फियाटची खासियत. डिस्क हबला धरणाऱ्या दोन छोट्या बोल्टपैकी एक लांब असतो, चाक चढवताना वाट दाखवायला. तो काढून साधा आखूड बोल्ट घालता येतो, हे तरी सोपं.

उद्यमनगरचा_टर्नर
भोक ५६.१ चं ५८.१५ करणं अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक बाजूनं एक मिमी निघतंय, त्यानं चाक कमजोर होत नाही. फक्त लेथवाल्याला सांग, चाक बाहेरच्या कडंवर नको, हबला टेकणाऱ्या तोंडावर आणि जुन्या भोकात डायल लावून सरळ कर. कडंवर पकडून बोअर मारलं की भोक मधात पडत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात.

पण गोल बैठकीचं काय करणार? ती कापून कोनाची करायची म्हटली तर बोल्टाखालचं मटेरियल कमी होतंय. मी नाही करत असलं काम. कुणी नवीन भोकं पाडतो, जुनी वेल्डिंगनं भरतो म्हणाला तर चाक घेऊन पळून ये. ह्या मिश्रधातूला कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असती, वेल्डिंग केलं की ती तिथल्या तिथं गेली.

पॅलिओप्रेमी
म्हणजे बोअर मारा, पिन बदला, बैठकीला जुळणारे वॉबल बोल्ट शोधा, ते एम१२×१.२५ आट्यांचे (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर, म्हणजे पिच) हवेत, पुन्हा लांबी बरोबर हवी...

बेअरिंगवाला
...आणि एवढं करून मिळणार काय, तर एक इंच मोठं चाक. मित्राला परत द्या. बोल्टनं बसणारी फियाट आहे, कोनाच्या बैठकीची बाजारातली चाकं घ्या. सरळ ४×९८ विचारा. कुर्ल्यात आधी नाही म्हणतात, मग माळ्यावरून काढतात. दिल्लीला काश्मिरी गेटला ओळखीचं कुणी असेल तर तिकडेही विचारा.

घाटावरची
+१. मधलं भोक ७३.१ असलं तरी घाबरू नका, तिथे ५८.१ ची रिंग लावा. तुमच्या मूळ प्रश्नातली रिंग अखेर कामाला येईल.

आवळताना : चाक हवेत असताना चारही बोल्ट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने. मग पाना. मग गाडी खाली घेऊन टॉर्क रेंच, आकडा मॅन्युअलमधला. हवेची गन नको. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा रेंच. आणि बोल्ट हबमध्ये किती आटे जातो ते मोजा. १.२५ पिचला नऊ-दहा पूर्ण फेरे मिळाले पाहिजेत. तीन-चार फेऱ्यांत घट्ट झाला तर तो घट्ट नाही, आखूड आहे.

खारा_वारा
बॅलन्सिंगबद्दल एक. मशीनवर चाक मधल्या भोकातून शंकूवर बसतं, त्यामुळे रिंग नसली तरी मशीन शून्य दाखवतं. मग गाडी ऐंशी-नव्वदला थरथरायला लागते आणि लोक परत परत वजनं चिकटवत राहतात. वजनं बरोबरच असतात, चाकच मध्यावर नसतं.

माटुंगा_मोटार
हे माझ्यासाठीच लिहिलंय का? इतकी वजनं लावलीत की चाकाचं मंगळसूत्र झालंय.

पॅलिओप्रेमी
शेवटचं. ४×९८ चे १५ इंची सापडले तर टायर कुठला? आत्ता १७५/६५ आर१४ आहेत.

बेअरिंगवाला
१८५/५५ आर१५. जुन्याचा बाहेरचा व्यास ५८३ मिमी, याचा साडेपाचशे चौऱ्याऐंशी... चुकलं, ५८४.५ मिमी. स्पीडोमीटरला पत्ताही लागणार नाही. १९५/५५ घेऊ नका, तो ५९५ ला जातो. पण खरं सांगू? खड्डे बघता १४ इंचच ठेवा, टायरची भिंत उंच राहिलेली बरी.

काचेचं_घर
यावर मात्र मीही सहमत. नोंद घ्यावी.

पॅलिओप्रेमी
मग १४ च. भायखळ्याच्या एका दुकानात ४×९८, १४ इंच, भोक ७३.१, कोनाची बैठक असा सेट आहे म्हणून फोन आलाय. शनिवारी व्हर्निअर घेऊन जातो. सिटीची चाकं सोमवारी परत.

ठाण्याचा_होंडावाला
थांबा थांबा, परत देऊ नका! माझी २००९ ची सिटी आहे, एक अलॉय गेलंय, सेटच शोधतोय. ५.५ रुंदीची आहेत का? कडा कशा आहेत? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, मित्राला विचारून दर सांगा.

पॅलिओप्रेमी
५.५ च आहेत. कडा बऱ्या, एकाला फुटपाथ लागलेला आहे. फोटो व्यनितून पाठवतो. लवकर या, गॅलरीतून कपडे काढायची वेळ झाली की रोज बोलणी बसताहेत.